गाण्याची आरती करू नका

(जालन्यात तरुण कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेलं भाषण)



सकाळपासून इथं एकच वाद चाललाय. एक गट म्हणतो, धर्म म्हणजे अफू, वंदना-बिंदना सोडा आणि भाकरीचं बोला. दुसरा म्हणतो, बुद्ध सोडला तर आपल्याकडं उरतं काय? वाद जुनाच आहे. १९७२ला मुंबईत पँथर उभी राहिली आणि १९७४ला फुटली, त्यामागं हाही वाद होता. एकीकडं राजा ढाले, दुसरीकडं नामदेव ढसाळ. दोघंही आज नाहीत, वाद मात्र आपल्या बोकांडी बसलाय. खुद्द बाबासाहेब २० नोव्हेंबर १९५६ला काठमांडूत बुद्ध आणि मार्क्स यावर बोलले. त्यानंतर सोळा दिवसांनी ते गेले. म्हणजे शेवटपर्यंत हा माणूस या प्रश्नाशी झुंजत होता, आणि आपण चहाच्या आधी निकाल लावायला निघालोय!

मी गोदीत ओझी उचलणारा, मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस. निकाल-बिकाल माझ्याकडं नाय. मला एवढंच विचारायचंय, की हा बुद्ध आणि हा भीम आपल्या वस्तीत आणला कोणी? पुस्तकांनी? ज्या घरात अक्षर नव्हतं तिथं पुस्तक काय करणार? गाण्यानं आणला. भीमराव कर्डकांच्या जलशांनी आणला. वामनदादा कर्डकांनी आणला. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा हा माणूस, जन्म १९२२चा. मुंबईत आल्यावर, मोठेपणी अक्षर शिकला आणि २००४ला मरेपर्यंत गावोगाव गात राहिला. आणि जात्यावरच्या बायकांनी आणला. शेजारच्या बीड जिल्ह्यात माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांच्या ओव्या गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी टिपून घेतल्या म्हणून राहिल्या. बाकीच्या किती गावांतल्या जात्यांबरोबरच गेल्या.

आमचे मार्क्सवादी मित्र म्हणतात, हे म्हणजे जुना देव उठवून नवा बसवला. मला तसं वाटत नाही. ती बाई ओवीत त्याला भाऊ म्हणते, बाप म्हणते. देवापुढं लोटांगण घालतात. भावाला घरची हकिकत सांगतात, सासुरवास सांगतात, पोरगं शाळेत घातलं ते सांगतात. ही श्रद्धा आहे, पण हिच्यात पाठीचा कणा ताठ आहे. माझ्या दृष्टीनं फरक तिथं आहे.

दुसऱ्या बाजूचे प्रस्थापित शहाणे. त्यांना वाटतं, बुद्ध मराठवाड्यात ५६ साली नागपूरहून एस.टी.नं आला! त्यांना भोकरदनला न्या. सांचीच्या स्तूपावर दान देणाऱ्यांची नावं कोरलीत, त्यात भोगवर्धनची माणसं आहेत. भोगवर्धन म्हणजे हे आपलं भोकरदन, असं अभ्यासक मानतात. दोन हजार वर्षांपूर्वी या जिल्ह्यातल्या माणसांनी तिथं दगड दिलेत.

आता गाण्यानं काय होतं ते बघा. २७ जुलै १९७८ला विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यातल्या आपल्या वस्त्या पेटल्या. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात जोगेंद्र कवाडे यांचा लाँग मार्च नागपूरहून औरंगाबादला निघाला. तो खडकपूर्णेच्या पुलावर अडवला, लाठ्या घातल्या. तो पूल ओलांडला की सिंदखेडराजा, आणि पुढं हे जालना. एवढं अंतर माणसं पायी आली. कुणाकडं पैसा नव्हता, गाडी नव्हती. गळा होता, घोषणा होती. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ला. मधली चौदा-पंधरा वर्षं हा प्रश्न वस्तीवस्तीत धगधगत ठेवला तो शाहिरांनी. वर्तमानपत्रांचं काम नव्हतं ते.

आणि शत्रूला गाण्याची किंमत आपल्यापेक्षा जास्त कळते. मे २०१५मध्ये शिर्डीत नर्सिंग शिकणारं आपलं एक पोरगं मारलं गेलं. भांडण कशावरून सुरू झालं? मोबाइलवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली म्हणून. जून २०२३ला नांदेडजवळ बोंढार हवेलीत एक तरुण मारला. गावात भीमजयंती काढल्याचा राग धरला, असं त्याच्या घरचे सांगतात. याच महाराष्ट्रात प्रल्हाद शिंदे यांच्या आवाजाशिवाय विठ्ठलाचा सोहळा आणि गणपतीचा मांडव सुना वाटतो. आपल्याच समाजाचा गळा. त्या गळ्यातून देव आला तर चालतो. भीम आला तर चाकू निघतो!

पण दोस्तांनो, आपल्या घरातही बघायला हवं. डीजेच्या भिंती उभ्या राहतात, छाती हादरते, शब्द ऐकू येत नाही. मी नाचाच्या विरोधात नाही. ज्यांच्या आज्यापणज्यांना गावातून वाट चोरून चालावं लागलं, त्यांनी भर चौकात नाचावंच. पण शब्द कुठाय? भीमामुळं बंगला, भीमामुळं गाडी, भीमामुळं सोनं. अरे, मंठ्याच्या, परतूरच्या गायरानावर ज्वारी काढणाऱ्या माणसाला कुठला बंगला? हे गाणं त्याचं नाय. ही सुखवस्तूंची आरती झाली, फक्त देवाचं नाव बदललं.

दादासाहेब गायकवाडांनी १९५९ला आणि १९६४ला भूमिहीनांचे सत्याग्रह केले, हजारोंनी माणसं तुरुंगात गेली. पुढं १९९१ला सरकारनं निर्णय काढला, की १४ एप्रिल १९९०पर्यंत गायरान कसणाऱ्यांची जमीन नियमित करायची. तारीख बघा, बाबासाहेबांची जयंती. आणि आज कितीतरी कसणाऱ्यांचं नाव सातबाऱ्यावर नाही, दर पेरणीला गावातल्या धनदांडग्यांची धमकी. ही तारीख किती पोरांना पाठ आहे? शासन निर्णयाचा कागद वाळवी खाते. ही तारीख गाण्यात घाला, ध्रुवपदात घाला. म्हातारीलासुद्धा पाठ होईल आणि तहसीलदारापुढं ती तोंडावर फेकील. मग सांगा मला ती श्रद्धा की लढा.

अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा, ज्याच्या ज्याच्या गावात गायरान कसणारी आपली माणसं आहेत त्यांनी जेवणानंतर थांबा. गट नंबर आणि कधीपासून कसतात ते वहीत लिहून घेऊ. आणि ती पेटी आत ठेवू नका, रात्री चाल बसवायचीय.