सीईटी अकरावीतच सुरू होते



दहावी संपली की अकरावीचे वर्ष विसाव्याचे, अशी आपल्या घराघरांत समजूत आहे. ती फार महागात पडते.

अभियांत्रिकी व औषधनिर्माणशास्त्राच्या पदवीसाठी आपल्या राज्यात एमएचटी-सीईटी घेतली जाते. अभियांत्रिकीला बारावीत भौतिकशास्त्र व गणित हवेच. ठरलेल्या तीन विषयांत मिळून खुल्या प्रवर्गास किमान ४५ टक्के, तर राज्यातील राखीव प्रवर्गास ४० टक्के लागतात. म्हणून बोर्डाच्या परीक्षेकडे दुर्लक्ष करू नका.

अभियांत्रिकीसाठीची सीईटी संगणकावर, तीन तासांची, २०० गुणांची असते. भौतिक व रसायनचे पन्नास-पन्नास प्रश्न एकेका गुणाचे. गणिताचे ५० प्रश्न दोन-दोन गुणांचे. सुमारे २० टक्के भर अकरावीच्या अभ्यासक्रमावर असतो. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नका.

आता महत्त्वाचे. भौतिक व रसायनचे प्रश्न मराठी व उर्दूतही मिळतात. गणिताचे मात्र केवळ इंग्रजीत. म्हणजे निम्मे गुण इंग्रजीतून! उर्दू शाळेतून आलेला माझा एक विद्यार्थी गणितात हुशार होता. पण इंग्रजीत लिहिलेल्या उदाहरणाचा अर्थच लागेना. वर्ष त्यातच गेले.

मुलांनो, दहावीच्या सुट्टीतच वही घाला. रोज गणितातले पाच इंग्रजी शब्द अर्थासह लिहा. पालकहो, ती वही रोज रात्री पाहा. त्याला इंग्रजी यावे लागत नाही.