ढगांतल्या रानातला केट्झाल

कोस्टा रिकामधलं मोंतेवेर्दे हे ढगांत बुडालेलं जंगल १९७२ पासून राखीव आहे. खोडाखोडावर शेवाळ, नेचे, ऑर्किडं. पानांवरून धुक्याचं पाणी सारखं ठिबकतं. पहाटेपासून सगळ्यांची नजर शोधते ती केट्झाल पक्ष्याला. नराची पाठ हिरवीगार, पोट लालभडक आणि मागे लोंबणारी दोन फुटांहून लांब पिसं! तो हवा असेल तर आधी झाडं ओळखावीत. रानटी अवोकाडोचं फळ तो अख्खं गिळतो, गर पचवतो, बी ओकून टाकतो. त्यातूनच नवी झाडं रुजतात. घरटं मात्र वठलेल्या, कुजक्या खोडात. मार्च ते जून हा विणीचा हंगाम. तेव्हा जाल तर दुर्बीण जरूर न्या, पण घरट्यापासून लांबच उभे राहा.