प्रबंधाचा आरंभ दप्तरापासून

विद्यापीठासाठीं इतिहासाचा स्वतंत्र प्रबंध लिहूं इच्छिणाऱ्या अमळनेरच्या विद्यार्थ्यानें प्रथम धुळ्याची वाट धरावी. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजीं तेथेंच निवर्तले; त्यांचा संग्रह जपण्यासाठीं १९२७ सालीं तेथें संशोधन मंडळ स्थापन झालें. राजवाड्यांची पदवी बी. ए.चीच, परंतु गांवोगांव हिंडून मिळविलेल्या कागदांचे त्यांनीं १८९८ पासून २२ खंड प्रसिद्ध केले. म्हणून विद्यार्थ्यानें आधीं मोडी शिकावी, विषय आटोपशीर घ्यावा, प्रत्येक पत्राचा काळ व लेखक पारखावा आणि मगच मत बनवावें. मत आधीं ठरवून आधार मागाहून शोधणाराचा प्रबंध परीक्षकांस कदाचित् रुचेलही. परंतु उद्यां एखाद्या रुमालांतून निघालेलें एकच पत्र तो खोटा ठरवील.