हातात वाद्य नाही, तरी पगार सगळ्यात जास्त?

हेडफोन लावले ना? चला, सुरू करू.

आपल्या नागपुरात ऑर्केस्ट्रा म्हटलं की सुरेश भट सभागृह, किशोर-रफीची गाणी आणि मागून शिट्ट्या. आजचा ऑर्केस्ट्रा जरा वेगळा आहे. शंभरेक वादक आणि समोर एकच माणूस, हातात बारीकशी काडी. तो कंडक्टर. बसवाला नाही बे!

हा विषय का घेतला? गेल्या महिन्यात मी टीम लीड झालो. घरी पेढे वाटले. पण खरं सांगू, आता दिवसभरात मी कोडची एक ओळ लिहीत नाही. रात्री वाटतं, आज मी केलं तरी काय? तेव्हाच झुबिन मेहतांचा एक व्हिडिओ पाहिला.

झुबिन मेहता मुंबईच्या पारशी घरातले, जन्म १९३६ चा. वडील मेहली मेहता व्हायोलिनवादक, बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा त्यांनीच उभा केला. झुबिन मात्र डॉक्टरकीच्या वाटेवर होते. ती सोडून १९५४ मध्ये, १८ व्या वर्षी ते व्हिएन्नाला गेले. तिथे हान्स स्वारोव्स्की यांच्याकडे शिकले. १९५८ मध्ये लिव्हरपूलची कंडक्टरांची स्पर्धा जिंकली. १९६२ मध्ये लॉस एंजेलिस फिलहार्मोनिक त्यांच्या हाती आला, तेव्हा वय फक्त २६! पुढे न्यूयॉर्क फिलहार्मोनिक, १९७८ ते १९९१.

पण हा माणूस नेमकं करतो काय? बघा, प्रत्येक वादकासमोर फक्त त्याच्या वाद्याची पानं असतात. सगळ्यांचं एकत्र लिहिलेलं फक्त कंडक्टरकडे. साधारणपणे उजवा हात लय दाखवतो. डावा सांगतो, हळू, मोठ्यानं, आता तू. आणि खूण आवाजाच्या आधी यावी लागते, नंतर नाही.

बॅलेत तर अजून कठीण. वादक स्टेजखालच्या खड्ड्यात बसतात, त्यांना नाच नीट दिसत नाही. नर्तकीनं उडी घेतली की ती हवेत थांबणार थोडीच! स्टेज आणि वादक, दोन्हीकडे लक्ष एकट्या कंडक्टरचं.

परवा माझ्या टीममध्ये दोघांनी एकच काम दोनदा करून ठेवलं. चार दिवस वाया. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. चुकलो मी, कारण दोघांची पानं फक्त माझ्याकडे होती आणि मी त्या वेळी लपून जुना बग सोडवत बसलो होतो. आता रोज सकाळी आधी सगळ्यांचं काम एकत्र बघतो. कोडची आठवण येते, पण झोप लागते.

एक काम करा. यूट्यूबवर व्हिएन्नाच्या न्यू इयर कॉन्सर्टमधला राडेट्स्की मार्च शोधा. मेहतांनी तो कॉन्सर्ट पाच वेळा केला. त्यात कंडक्टर प्रेक्षकांकडे वळून टाळ्यासुद्धा तालात घेतो. बघा आणि सांगा, कसं वाटलं. भेटू पुढच्या भागात!