शहरातील मूल आणि त्याचे घर
(आपल्या धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेत केलेले भाषण)



ज्या मंगल प्रसंगी आपण येथे जमलो आहोत, त्या प्रसंगी परमेश्वराचे आभार मानणे हे आपले पहिले कर्तव्य होय. गेल्या पन्नास वर्षांत येथे किती बालकांचा बाप्तिस्मा झाला, किती वधूवरांनी वेदीपुढे एकमेकांस वचन दिले आणि किती वृद्धांस आपण अखेरचा निरोप दिला, हे धर्मग्रामाच्या नोंदवह्यांत लिहिलेले आहे. त्या वह्या चाळताना कोणाचेही अंतःकरण भरून येईल. तथापि महोत्सव म्हणजे केवळ मागे वळून पाहणे नव्हे. जुन्या करारात पन्नासावे वर्ष पवित्र मानिले आहे आणि त्या वर्षी प्रत्येकाने आपल्या वतनास व आपल्या कुळात परत जावे, असा नियम घालून दिला आहे. म्हणजे पन्नासावे वर्ष हे घरी परतण्याचे वर्ष होय. हाच धागा धरून आम्ही आपल्यापुढे चार शब्द बोलणार आहोत. आमचा विषय आहे शहरातील मूल आणि त्याचे घर.

आपल्या धर्मग्रामातील घरे कशी आहेत हे आपण सर्व जाणतो. एक खोली, फार तर दोन. बाप पहाटेच्या लोकलने निघतो तो रात्री परततो. आई कोणाच्या घरी धुणीभांडी करते, कोणी कचेरीत जाते, कोणी रुग्णालयात पाळी सांभाळते. शाळा सुटल्यापासून दिवे लागून तीन तास होईपर्यंत मूल एकटे असते. कित्येकांच्या गळ्यात तर घराची किल्लीच लोंबत असते. असे मूल पाहिले म्हणजे आपणांस दोन उपाय सुचतात. एक, त्यास कोठेतरी बोर्डिंगात घालावे. दुसरा, रविवारी सभागृहात जमवून त्यास धर्मशिक्षण व खाऊ द्यावा. ह्या दोन्ही उपायांनी पुष्कळ कल्याण झाले आहे. त्यांची निंदा करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु आमचे म्हणणे इतकेच की, मूल कधी एकटे येत नाही, ते आपले घर बरोबर घेऊन येते. घरास वगळून मुलाची केलेली सेवा ही अर्धीच सेवा होय. ज्या थोर पुरुषांनी शहरातील मुलांसाठी आपला देह झिजविला त्यांच्या चरित्रांतून हीच गोष्ट प्रत्ययास येते. त्यांतील दोघांची उदाहरणे घेऊ.

पहिले उदाहरण इटलीतील तुरिन शहराचे. ५ जून १८४१ रोजी तेथे जॉन बॉस्को नावाच्या एका शेतकऱ्याच्या मुलास गुरुदीक्षा मिळाली. इटालियन भाषेत धर्मगुरूस डॉन म्हणतात; म्हणून जग त्यांस डॉन बॉस्को ह्या नावाने ओळखते. ते दोन वर्षांचेही नव्हते तेव्हाच त्यांचे वडील निवर्तले होते, आणि त्यांची आई मार्गरिता हिने शेतात राबून मुलांस वाढविले होते. त्या काळी तुरिन शहर झपाट्याने वाढत होते. डोंगरखोऱ्यांतून मुले येत. कोणी गवंड्याच्या हाताखाली विटा वाहत, कोणी धुराडी साफ करीत. तुरुंगात भेटी देताना डॉन बॉस्कोंस अशी कोवळी मुले गजांआड दिसली. त्यांहून मोठे दुःख त्यांस ह्याचे झाले की, सुटून गेलेली मुले थोड्याच दिवसांत पुन्हा तेथे दिसत. ह्याचे कारण त्यांनी ओळखले. बाहेर त्या मुलांचे आपले असे कोणी नव्हते.

त्याच वर्षी ८ डिसेंबर रोजी, निष्कलंक मातेच्या सणादिवशी, मिस्सेची वस्त्रे परिधान करण्याच्या खोलीत एक पोरका गवंडीपोर येऊन उभा राहिला. त्याचे नाव बार्थोलोम्यू गरेल्ली. त्यास मिस्सेची सेवा करता येत नाही हे पाहून चर्चच्या सेवकाने त्यास मारून हाकलले. डॉन बॉस्कोंनी त्यास परत बोलावून आणिले, हा माझा मित्र आहे असे सांगितले, आणि मिस्सेनंतर त्यास क्रुसाची खूण करावयास शिकविले. एवढ्याशा गोष्टीपासून त्यांच्या कार्याचा आरंभ झाला. मुले वाढली, त्यांच्या गलबल्यास शेजारी कंटाळले, एका जागेतून दुसऱ्या जागेत जावे लागले. अखेर १२ एप्रिल १८४६ रोजी, पुनरुत्थानाच्या रविवारी, वाल्दोक्को नावाच्या भागात एक बसकी पडवी त्यांस मिळाली.

येथवरची हकीगत आपणांपैकी कित्येकांस ठाऊक असेल. परंतु त्यानंतर त्यांनी जे केले त्याकडे आपण विशेष लक्ष द्यावे. मुलांस जागा मिळाली, खेळ मिळाला, धर्मशिक्षण मिळाले; तरी काहीतरी उणे होते. ते उणे भरून काढण्यासाठी त्यांनी गावी जाऊन आपल्या आईस आणिले. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, ३ नोव्हेंबर १८४६ रोजी, ती माउली मुलाबरोबर पायी चालत तुरिनला आली. आपल्या लग्नातील कपडे व दागिना तिने मोडला आणि त्यांतून वेदीची वस्त्रे केली. पुढील वर्षी एका पावसाच्या रात्री भिजलेला, भुकेलेला, काम नसलेला एक पोरका मुलगा दारात आला. ह्यापूर्वी आसरा दिलेल्या काही मुलांनी पांघरुणे पळविली होती, म्हणून मनात शंका होतीच. तरी त्यास खाऊ घालून मार्गरितेने स्वयंपाकघरात विटांवर फळ्या टाकून त्याचे अंथरूण केले. निजण्यापूर्वी श्रम, सचोटी व देवधर्म ह्यांविषयी तिने त्यास प्रेमाने चार शब्द सांगितले. आजही सालेशियन संस्थांत रात्री मुलांस दोन हिताच्या गोष्टी सांगून निरोप देण्याची चाल आहे. तिचा उगम त्या स्वयंपाकघरात सांगतात. ज्यास घर नव्हते त्यास डॉन बॉस्कोंनी संस्था दिली नाही, घर दिले. आणि घर म्हटले की आई आलीच.

मग ज्या मुलास आईबाप होते त्याचे काय? त्याचेही उत्तर एका जुन्या कागदात मिळते. ८ फेब्रुवारी १८५२ रोजी त्यांनी एका सुतारमिस्त्रीशी एका उमेदवार मुलाच्या वतीने मुद्रांकित कागदावर करार केला. मिस्त्रीने मुलास आपला धंदा शिकवावा, चुकल्यास शब्दांनीच सुधारावे, हात उगारू नये, रविवार व सणाचे दिवस मोकळे द्यावेत, अशी त्यात कलमे होती. त्या करारात डॉन बॉस्को होते, आणि जामीन म्हणून मुलाचा बापही होता. बाप गरीब आहे, अडाणी आहे, म्हणून त्यास बाजूला सारून धर्मगुरूंनी आपणच बाप व्हावे, असे त्यांनी केले नाही. त्यांनी बापास बरोबर घेतले व त्याचे बापपण राखिले. आमच्या मते ही बारीकशी गोष्ट फार मोठी आहे. १९३४ साली ख्रिस्तसभेने त्यांस संतपद दिले. १९०६ पासून त्यांचे धर्मबंधू आपल्या देशात कार्य करीत आहेत, आणि मुंबईत माटुंग्याचे त्यांचे विद्यालय व मरियामातेचे मंदिर कोणास अपरिचित नाही.

दुसरे उदाहरण पॅरिस शहराचे. १८३२ साली तेथे पटकीने हजारो माणसे दगावली. त्या शहरात फ्रेडरिक ओझानाम नावाचा एक कॅथलिक विद्यार्थी वादसभांतून धर्माचा कैवार घेऊन बोलत असे. एकदा प्रतिपक्षाने विचारिले की, तुमच्या धर्माने पूर्वी पुष्कळ केले असेल, परंतु आज तुम्ही गरिबांसाठी काय करता? ओझानाम ह्यांनी त्याचे उत्तर भाषणाने दिले नाही. २३ एप्रिल १८३३ रोजी, आपल्या विसाव्या वाढदिवशी, काही सोबत्यांसह त्यांनी संत व्हिन्सेंट डी पॉल ह्यांच्या नावे चालणाऱ्या संस्थेचा पाया घातला. त्यांस वाट दाखविली ती रोझली नावाच्या एका धर्मभगिनीने. त्यांनी गरीब वस्तीतील कुटुंबांची नावे दिली, भाकरीची व कोळशाची चिठ्ठी दिली, आणि घरी कसे जावे, कसे बोलावे हे शिकविले. त्या तरुणांनी गरिबांस रांगेत उभे केले नाही. ते स्वतः जिने चढून त्यांच्या दारी गेले. भाकरी हे निमित्त होते, भेट हे कार्य होते. १९९७ साली ओझानाम ह्यांस ‘धन्य’ म्हणून घोषित करण्यात आले. त्यांची संस्था आपल्याकडील धर्मग्रामांतूनही गाजावाजा न करता काम करीत आहे.

आता आपल्या शहराकडे वळू. १९७२ च्या दुष्काळात नगर व मराठवाड्याकडून कित्येक कुटुंबे पोटासाठी शहरांत आली. त्यांत आपले धर्मबांधवही होते. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला, त्यात सुमारे अडीच लाख कामगार होते. पुढे पुष्कळ गिरण्यांचे भोंगे कायमचे थांबले. बापाची नोकरी गेली की तिचा आघात सर्वांत आधी कोठे बसतो? मुलाच्या दप्तरावर. वही मिळत नाही, मग शाळा चुकते, मग हॉटेलात कपबश्या विसळण्याचे काम मिळते. अशा वेळी केवळ मुलास उपदेश करून काय साधणार? घर उभे राहिले असते तर मूलही उभे राहिले असते. आज गिरण्यांच्या जागी गगनचुंबी इमारती आहेत, आणि कामकरी कुटुंबे विरार, कल्याण, बदलापुरापर्यंत लांबली आहेत. आता कित्येक घरांत अन्नापेक्षा वेळेचेच दुर्भिक्ष अधिक आहे.

सरकारी कायदाही आता हेच सांगतो. २०१५ च्या बालन्याय कायद्याने, मुलास संस्थेत ठेवणे हा अगदी शेवटचा उपाय समजावा, असे तत्त्व घालून दिले आहे. ख्रिस्तसभेने तर १९६४ सालीच, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, कुटुंबास ‘घरातील ख्रिस्तसभा’ हे थोर नाव दिले.

येथे कोणी म्हणेल की, सर्वच घरे काही घरपणाची नसतात. मद्याने, माराने, आणि त्याहून वाईट गोष्टींनी काही घरे मुलांस धोक्याची झालेली असतात. हे खरे आहे, आणि ते झाकून ठेवणे हे पाप आहे. जेथे मुलाच्या जिवास वा शीलास धोका आहे तेथे प्रथम मूल वाचविले पाहिजे. १०९८ ह्या क्रमांकावर कळविले पाहिजे, बाल कल्याण समितीकडे गेले पाहिजे. कुळाच्या वा धर्मग्रामाच्या अब्रूचा विचार तेथे आड येता कामा नये. हाच दंडक चर्चच्या खोल्यांसही लागू आहे. मुलांबरोबर काम करणाऱ्याने कधी एकटे, बंद दाराआड असू नये. परंतु आजारी घरांवरून सर्व घरांचा निकाल लावू नये. बहुतेक आईबाप आपल्या लेकरांवर प्रेम करितात. ते थकलेले असतात, इतकेच.

यास्तव ह्या महोत्सवी वर्षी आम्ही तीन गोष्टी आपल्यापुढे ठेवितो.

पहिली, सभागृहालगतची खोली रोज सायंकाळी सहा ते नऊ अभ्यासासाठी उघडी असावी. उजेड, पंखा, पिण्याचे पाणी आणि दोन जबाबदार वडील माणसे, एवढ्यावर भागेल. दार उघडे असावे आणि ते सर्व धर्मांच्या मुलांसाठी असावे. आईबाप कामावरून परततील तेव्हा मूल त्यांच्या हाती द्यावे. त्या दोन मिनिटांच्या भेटीतच अर्धे कार्य होईल.

दुसरी, दोघादोघांनी मिळून चार घरे वाटून घ्यावीत आणि पंधरवड्यातून एकदा तेथे जावे. तपास करण्यास नव्हे, उपदेश करण्यास तर नव्हेच. बसण्यास, ऐकण्यास आणि घरातील गोष्ट घरातच ठेवण्यास. रेशनकार्ड, शाळेचा दाखला, रुग्णालयाचा कागद ह्यांत लागेल ती मदत करावी. ज्यांस कोणी भेटावयास जात नाही त्यांच्यापासून आरंभ व्हावा.

तिसरी, प्रथम कम्युनियनची तयारी मुलांबरोबर आईबापांचीही व्हावी. पुष्कळ मुले पांढरी वस्त्रे परिधान करून एकदा येतात आणि दृढीकरणापर्यंत पुन्हा दिसत नाहीत, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. जे घरात रुजले नाही ते चर्चमध्ये किती दिवस टिकणार? मात्र वर्गाची वेळ आईबापांच्या सोयीची असावी. ज्या बाईस रविवारी दुपारीच काय ती उसंत मिळते, तिच्यासाठी रविवारची दुपार ही आपली वेळ असावी.

ह्यास थोडा पैसा लागेल. महोत्सवाच्या निधीतून चर्चच्या दर्शनी भागास संगमरवर बसवावा, अशी सूचना काही बंधूंनी भक्तिभावाने केली आहे. प्रभूचे मंदिर सुंदर असावे ह्याविषयी आमचे दुमत नाही. परंतु चौथ्या शतकात संत जॉन क्रिझोस्टम ह्यांनी आपल्या लोकांस बजाविले होते की, मंदिर नटवीत असता दारातील उघड्यावाघड्या बंधूस विसरू नका. दर्शनी भाग आणखी चार वर्षे वाट पाहू शकेल. आज जे मूल नऊ वर्षांचे आहे ते चार वर्षांनी तेरा वर्षांचे होईल. ते वाट पाहू शकणार नाही.

आपल्या वाडवडिलांनी हे चर्च उभारिले ते आपण येथे यावे म्हणून. आता येथून उठून घरोघर जाणे हे आपल्याकडे आले आहे. नाझरेथ येथील गरीब घरात मरिया व योसेफ ह्यांच्या छायेत प्रभू येशू वाढला. सुतारकाम करणाऱ्या त्या घराने जगाचा तारणारा सांभाळिला. त्या पवित्र कुटुंबाच्या कृपाछत्राखाली आपल्या धर्मग्रामातील प्रत्येक घर उभे राहो, आणि सायंकाळी घरी परतणाऱ्या प्रत्येक मुलास आतून दार उघडणारे कोणीतरी असो, हीच परमेश्वरचरणी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.