परिचारिकेचे हात

मनुष्य रुग्णालयात जातो तो रोगमुक्त होण्यासाठी. परंतु तेथून नवाच रोग घेऊन परतणाऱ्यांची संख्या लहान नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या अहवालाप्रमाणे, तातडीच्या उपचारांसाठी दाखल झालेल्या शंभर रुग्णांपैकी श्रीमंत देशांत 7 जणांना, तर मध्यम व अल्प उत्पन्नाच्या देशांत 15 जणांना निदान एक तरी असा संसर्ग जडतो. त्याकडे परिचारिका कोणत्या दृष्टीने पाहतात, हा आजचा विषय.

एका आप्तांच्या आजारपणात मला जयपूरच्या वैशाली नगरातील एका रुग्णालयात काही दिवस बसावे लागले. तेथील एक तरुण परिचारिका कामात चपळ आणि स्वभावाने मायाळू होती. हातमोजे घालून तिने एका रुग्णाची लघवीची पिशवी रिकामी केली आणि त्याच हातमोज्यांनी शेजारच्या खाटेवरील सलाईनची नळी नीट केली. मी सहज विचारले, तेव्हा ती हिंदीत म्हणाली, "साहेब, हातमोजे आहेत ना!" हातमोजे तिच्या लेखी तिच्या स्वतःच्या रक्षणासाठी होते. रोग रुग्णाकडून आपल्याकडे येतो, हे तिला पक्के ठाऊक होते. तो आपल्याच हातून एका खाटेवरून दुसरीवर जातो, हे पुस्तकात वाचूनही अंगवळणी पडले नव्हते.

तिचे भय निराधार नव्हे. एप्रिल 2020 मध्ये मुंबई सेंट्रल येथील वोक्हार्ट रुग्णालयात पंचवीसहून अधिक परिचारिकांना करोनाची बाधा झाली आणि ते रुग्णालयच प्रतिबंधित क्षेत्र ठरवावे लागले.

तथापि सारा दोष तिच्याच माथी मारण्याची आपली रीत मला अन्यायाची वाटते. साबणाने हात नीट धुण्यास 40 ते 60 सेकंद लागतात. फॉस व विडमर यांनी 1997 मध्ये हिशेब मांडला : अतिदक्षता विभागातील 12 जणांनी प्रत्येक वेळी मिनिटभर हात धुतले, तर एका पाळीतील मिळून 16 तास त्यातच जातील, मद्यार्कयुक्त द्रव चोळल्यास 3 तास पुरतील. जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयात डिडिए पिते यांनी हा द्रव खाटेपाशी ठेवविला. 1994 ते 1997 या काळात हात स्वच्छ करण्याचे प्रमाण शेकडा 48 वरून 66 वर गेले आणि संसर्ग 1998 पर्यंत सुमारे 17 वरून 10 वर उतरला. विशेष हे, की आरंभीच्या पाहणीत परिचारिकांचे प्रमाण 52 होते. डॉक्टरांचे अवघे 30!

आपल्याकडे डॉक्टरसाहेब फेरीवर असताना मागे ट्रे धरून उभी असलेली परिचारिका "सर, हात," एवढे दोन शब्द उच्चारू शकत नाही. पुढे जखम चिघळली, की खुलासा मात्र तिच्याकडून मागविला जातो. मग अशी जखम वहीत नोंदविण्यापेक्षा पाळी संपेपर्यंत गप्प राहणे तिला शहाणपणाचे वाटल्यास नवल कसले? नोंद नाही म्हणून संसर्गही नाही, असे कागद सांगतात. सरकारी नोकरीत अशा कोऱ्या नोंदवह्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत. त्यांवरचा शेरा बहुधा 'समाधानकारक' असाच असतो. खाटेखाटेपाशी द्रवाची बाटली ठेवण्यास पैसे लागतील. परंतु नोंद करणारीस शिक्षा होणार नाही, असा लेखी हुकूम काढण्यास अधीक्षकाची एक सही पुरते.