दुष्काळ आणि शेतांतील काडीकचरा
(दुसरबीड येथील सभेंत झालेलें भाषण)



धान्य व चारा यांसाठीं कमिटीनें आपणांपुढें अनेकवार हात पसरला. आज आमची याचना निराळी आहे : शेतांतील काडीकचरा जाळूं नका. धान्याची मदत एक हंगाम निभावील. पण जमिनीचा कस गेला, तर पुढेंही हीच झोळी फिरवावी लागेल.

ज्वारीचा कडबा व चांगलें कुटार हा गुरांचा घांस आहे. त्यास कोणीं हात लावूं नये. तुराट्या चुलीस लागतात. आम्हांस हवें तें यांतून उरलेलें : भिजून नासलेलें कुटार, गळालेला पाला, निंदलेलें तण, पऱ्हाट्यांचे बारीक तुकडे.

इंदूर येथें हॉवर्डसाहेबांनीं १९२४ ते १९३१ या काळांत अशा कचऱ्याचें खत करण्याची पद्धति बसविली. पुढें आपल्याच विदर्भांतील पुसदच्या ना. दे. पांढरीपांडे यांनीं ‘नाडेप’ टाकें सिद्ध केलें. तें १० फूट लांब, ६ फूट रुंद व ३ फूट उंच असून विटांच्या भिंतींत हवेसाठीं भोकें ठेवितात. सुमारें १४०० किलो कचरा, १०० किलो शेण व १७५० किलो चाळलेली माती थरांनीं भरून वरून शेणमातीनें लिंपावें. तीन-चार महिन्यांत खत होतें. दुष्काळांत गुरें विकून ज्याच्या दावणीस एकच गाय उरली, त्यासही हें साधतें.

थरांत रॉक फॉस्फेटची भुकटी मिसळावी. चुनखडीच्या काळ्या जमिनींत ती नुसती टाकल्यास फारशी विरघळत नाहीं; कुजणाऱ्या कचऱ्यांतील आम्लें तिच्यांतील स्फुरद मोकळें करण्यास साह्य करितात. आंतील ऊब ओसरल्यावर, ७५ ते ९० दिवसांनीं, वरून भोकें पाडून ॲझोटोबॅक्टर व स्फुरद विरघळविणारे जीवाणू पाण्यांतून सोडावे.

कोणी विचारील, पाणी कोठून आणावें? टाक्यास १५०० ते २००० लिटर पाणी लागतें, हें खरें. टँकरच्या पाण्यावर पहिला हक्क माणसांचा, मग गुरांचा. म्हणून आज फक्त कचरा सांठवा व टाकें बांधून ठेवा. पाऊस पडतांच भरा. मृगांत भरलेलें टाकें रब्बीच्या पेरणीस खत देईल.

ज्यांस शक्य आहे त्यांनीं विटा, जीवाणूंचीं पाकिटें अथवा वर्गणी कमिटीकडे द्यावी. लहान कास्तकारांनीं श्रम द्यावे. खतासाठीं काढलेल्या उधारीनें जमीन गहाण पडलेली आम्हीं कचेरींत पाहिली आहे. जमिनीचें घेतलेलें जमिनीस परत केलें, तर त्या उधारीचा भार थोडा तरी हलका होईल, एवढीच आमची विनंति आहे.